बेगमी

माणसाच्या अंगी नाना प्रकारचे अभिमान असतात. कुणाला कुळाचा असतो, कुणाला विद्येचा, कुणाला गळ्याचा. पण या सर्वांहून निरुपद्रवी, आणि म्हणूनच की काय सर्वांहून टिकाऊ, असा एक अभिमान आहे. तो म्हणजे वस्तू स्वस्तात मिळवल्याचा. शेजारीण नवे पातेले घेऊन दारात उभी राहते तेव्हा पातेले कसे आहे हे ती विचारीत नाही. "कितीला पडलं असेल, सांगा बरं?" एवढेच विचारते. अशा वेळी शहाण्या माणसाने मनात आलेल्या किमतीत थोडी भर घालून उत्तर द्यावे. मग तिच्या चेहऱ्यावर जो आनंद उमलतो, त्याची किंमत कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तुळशीबागेपासून दादरच्या फुटपाथापर्यंत हा आनंद पिशव्या भरभरून घरोघर चाललेला दिसतो.

या आनंदाला माझी ना नाही. मीही त्यातलीच. पण आमच्या आईला स्वस्ताईचे एवढे कौतुक नव्हते. तिला कौतुक होते ते बेगमीचे. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'बे' म्हणजे वाचून आणि 'गम' म्हणजे चिंता. आज आपण बेगमी म्हणजे धान्याचा साठा समजतो. मूळ अर्थ आहे निश्चिंती. साठा कणगीत राहतो आणि निश्चिंती घरातल्या माणसांच्या चेहऱ्यावर राहते, एवढाच काय तो फरक.

आमच्या साताऱ्याच्या घरी बेगमीचे दिवस फाल्गुनात सुरू होत आणि पावसाळ्यापूर्वी संपत. त्यांचा क्रम शेताने लावून दिलेला असे. आधी नवी तूर, मग चिंच, मग ज्वारी, मग गहू. मिरची बेडगी आणि संकेश्वरी, एक रंगाला आणि एक तिखटाला. हळद सांगलीची. मे महिन्याच्या अखेरीस कोकणातून येणाऱ्या कुणाबरोबर तरी आमसुले येत. तांदूळ मात्र आई नवा घेत नसे. नव्या तांदळाचा भात गिच्च होतो. जुना मोकळा फुलतो, पाणी अधिक पितो आणि पातेल्यात वाढतो. जो माल ज्या महिन्यात बाजारात मावत नाही, तो त्या महिन्यात घ्यायचा, हे तिचे सारे अर्थशास्त्र. दशमान वजने १९५८ पासून येऊ लागली होती, तरी माझ्या आठवणीत ती हिशेब पायलीतच करी. गव्हाचा दाणा ती दाताखाली धरी. कट्ट असा आवाज झाला तर माल वाळलेला. नुसताच चेपला तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे.

बाजारात वाचवलेला पैसा मात्र घरी श्रमाने फेडावा लागे. उन्हे द्यायची, पाखडायचे, निवडायचे. गव्हाला एरंडेलाचा हात लावायचा, कणगीच्या तळाशी कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा, वालाला राख चोळायची. चिंचेतले चिंचोके काढून मीठ लावून गोळे करायचे. मिरच्यांचे देठ खुडले की दोन दोन दिवस हातांची आग होई. स्वस्त धान्याच्या हिशेबात हे हात कधी कुणी धरले नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या हिशेबात दिसत नसे. वडिलांना कचेरीतून धान्यासाठी उचल मिळे आणि ती पुढे दहा हप्त्यांनी पगारातून कापली जाई. वर्षाचे धान्य एकदम घ्यायला हाती एकदम पैसा लागतो, आणि तो आमच्या हाती येई तो वडिलांची नोकरी कायम होती म्हणून. आमच्या वाड्याच्या मागे मजुरीवर जाणाऱ्या बायका राहत. त्या संध्याकाळी मजुरी हातात पडली की वाण्याकडे येत. पावशेर डाळ, अदपाव तेल, मिठाची पुडी. तीच डाळ, तोच वाणी. पण आमच्या पायलीचा भाव निराळा आणि त्यांच्या पुडीचा निराळा. ज्याच्याजवळ कमी पैसा त्याने जास्त भाव द्यायचा, हा बाजाराचा नियम मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचण्याआधी त्या दुकानाच्या पायरीवर पाहिला.

बेगमीची खरी किंमत आमच्या आजीला ठाऊक होती. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले तेव्हा ती तिथे होती. पुढे साताऱ्यास आल्यावरही ती अधूनमधून कणगीत हात घाली आणि धान्य कोपरापर्यंत लागते की मनगटापर्यंत, ते पाही. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि आमच्याकडे सोमवारी रात्री चूल पेटेनाशी झाली. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा आईच्या कणग्याही मनगटापर्यंत आल्या. रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी आम्ही खाल्ली. तिच्या भाकरीला चिकटा नसे. तव्यावर टाकताना ती तुटे आणि आई काही न बोलता तुकडे जुळवी.

त्याच सुमारास मुंबईत बायका थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारीपणाखालचे ते मोर्चे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली, तिचा मार्ग वेगळा होता. दहा-वीस कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र नोंदवायची, माल घाऊक आणायचा आणि एकाच्या घरी उतरवून आपल्या हातांनी वाटून घ्यायचा. एकट्याच्या खिशाला न परवडणारे पोते वीसजणांच्या खिशाला परवडते, ही साधी गोष्ट. पण ती अमलात आणायला माणसांना एकमेकांचा विश्वास यावा लागतो.

आता कणग्या गेल्या. फ्लॅटमध्ये उन्हे द्यायला गच्ची नाही आणि घटकाभरात सामान दारात येते. 'एकावर एक मोफत' अशी पाटी दिसली की आपण थांबतो. माझ्या कपाटात सध्या फरशी पुसण्याच्या औषधाच्या पाच बाटल्या आहेत. आईच्या वेळी काय स्वस्त व्हायचे हे हंगाम ठरवी. आता ते दुकानाच्या गोदामात काय पडून आहे त्यावर ठरते. त्यातही गंमत अशी की मोठे ते स्वस्त असेही राहिलेले नाही. शांपूची छोटी पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. डाळ-तेलाची मात्र पूर्वीचीच रीत आहे. सुटे घेणाऱ्यालाच ते महाग.

म्हणूनच पुण्यात आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या दिवाळी भिशीचे मला विशेष वाटते. त्यांच्या वस्तीतल्या वीसजणी दरमहा ३०० रुपये भरतात. दहा महिन्यांचे होतात ६०,०००. दिवाळीच्या आधी त्या पैशांत घाऊक सामान आणायचे आणि वाटायचे. तेलाचे पंधरा किलोचे चार डबे म्हणजे प्रत्येकीला तीन किलो. साखरेची पन्नास किलोची दोन पोती म्हणजे पाच किलो. हरभऱ्याची डाळ तीन किलो. मग रवा, मैदा, पोहे, खोबरे, तूरडाळ, साबण. पूर्वी ही भिशी वस्तीतल्या एका दुकानदाराकडे असे. एका वर्षी नवरात्राच्या सुमारास तो दुकानाला कुलूप लावून गेला तो गेलाच. त्यानंतर मावशींनी वही आपल्या हाती घेतली.

गेल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेले. मावशी घासाघीस करतात हे मला माहीत होते. पण त्या दिवशीचा त्यांचा जोर काही और होता. एका दुकानी साखरेचा भाव ऐकून त्या पायरी उतरल्या, दुसरीकडे गेल्या, तिसरीकडे गेल्या आणि पुन्हा पहिल्याकडे आल्या. पोत्यात टोकदार नळी खुपसून दुकानदाराने डाळ दाखवली, तर त्यांनी ती दाताखाली धरली. मला एकदम आई आठवली. "मावशी, किलोमागे रुपया-दोन रुपये. त्यासाठी किती उन्हात हिंडायचं?" मी म्हटले.

"काकू, माझ्याकडं साठ हजार नाहीत," त्या म्हणाल्या. "अठ्ठावन हजार आठशे आहेत."

मग मला कळले. एका बाईचा नवरा कामावर पडून जायबंदी झाला होता आणि तिचे शेवटचे चार हप्ते राहिले होते. वहीतला नियम स्पष्ट होता. जेवढे भरले तेवढेच सामान. त्यावर वस्तीत पुष्कळ वाद झाला. नियम मोडला तर उद्या दुसरी कोणी हप्ता बुडवील, असे काहीजणी म्हणाल्या, आणि ते खोटे नव्हते. दुकानदाराने एकदा पोळलेल्या त्या बायका. शेवटी मावशींनी सांगितले की उरलेल्या एकोणीसजणींच्या सामानातून चमचाभरही कमी होणार नाही, आणि वाटे मात्र वीसच होतील. मधले १,२०० रुपये त्या बाजारातून काढणार होत्या.

दुपारी तीन वाजता टेंपो भरला. यादीतली प्रत्येक वस्तू आली होती. टेंपोचे भाडे देऊन दीडशे रुपये उरले, त्यांचा वाटपाच्या वेळी सगळ्यांना चहा झाला. देवळाच्या ओट्यावर वीस ढीग मांडले होते आणि त्यांतला कोणता कुणाचा, हे कुणालाही ओळखता आले नसते. वहीत मात्र त्या बाईच्या नावापुढे १,२०० रुपये येणे लिहिले होते, महिना शंभरप्रमाणे.

"सोडून का दिले नाहीत? बाजारातून तर निघाले," मी मावशींना विचारले.

"उपकार केला की तो फिटत न्हाई, काकू. उधारी फिटती. पुढच्या वर्षी तिला ओट्यावर मान वर करून बसायचं हाय."

बारापैकी नऊ हप्ते आतापर्यंत फिटले आहेत. आयुष्यात मी पुष्कळ स्वस्त वस्तू आणल्या आणि शेजारणींना त्यांच्या किमतीही ओळखायला लावल्या. पण किलोमागे वाचलेल्या रुपयाने एवढे मोठे काम केलेले मी दुसरीकडे पाहिले नाही. त्या संध्याकाळी ओट्यावरून पिशव्या घेऊन निघालेल्या वीसजणींच्या चेहऱ्यावर जे होते त्याला आमच्या आईने बेगमी म्हटले असते.

परवा मी मावशींना विचारले, "मला घ्याल का भिशीत?"

त्यांनी जरा विचार केला. "घेऊ की. पण वाटपाला बसावं लागंल. पैसे देऊन घरी बसणारी बाई आम्हाला नको."

येत्या डिसेंबरपासून माझा हप्ता सुरू होत आहे. वीस घरांत साठ किलो तेल सुखाने वाटले जात होते. एकवीस घरांत ते कसे वाटायचे, याचा हिशेब सध्या आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता चालू आहे.