चोख कारभार

मूत्रपिंडांविषयीचे माझे ज्ञान आईपासून सुरू झाले. अर्धांगवायूनंतर तिला आकडी येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी लेव्हेटिरॅसिटॅम दिले. हे औषध बव्हंशी, सुमारे दोन-तृतीयांश, जसेच्या तसे लघवीवाटे निघून जाते. आईची मूत्रपिंडे थकलेली; औषध अंगात साचेल म्हणून तिला २५० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून दोनदा. एवढ्या भांडवलावर मी घरचा धन्वंतरी झालो!

२०२३ च्या आषाढात भाचा स्कूटरवरून पडला. वय बावीस, मेंदूला मार. पुण्याच्या रुग्णालयात त्यालाही तेच औषध सुरू झाले, ५०० मिलिग्रॅम, दर बारा तासांनी. अक्का बाहेर बाकावर जप करीत बसे. मी आत जाऊन लघवीची पिशवी पाहून येई आणि तिला सांगे, "भरली हो! मूत्रपिंडे ठणठणीत आहेत." बिचारीला तेवढाच आधार.

तिसऱ्या रात्री त्याला आकडी आली. औषध चालू असताना!

"मूत्रपिंडे ठणठणीत आहेत ना?" मी डॉक्टरीणबाईंना विचारले.

"काका, तीच तर अडचण आहे. मेंदूला मार बसला की पहिले काही दिवस सारे शरीर खवळते, रक्ताचा ओघ वाढतो. तरुणांची मूत्रपिंडे मग नको इतक्या जोमाने गाळू लागतात. नुसत्या पिशवीवरून ते कळत नाही. ती सलाइननेही भरते."

त्यांनी आठ तासांची लघवी जमवून क्रिएटिनिन मोजले, त्याबरोबर रक्तातलेही. हिशेब निघाला मिनिटाला १८० मिलिलिटर. निरोगी तरुणाचा साधारण १२० असतो. म्हणजे पुढचा डोस येण्याच्या कितीतरी आधी पहिला वाहून जात होता, आणि मी त्याच चोख कारभाराचे गोडवे गात होतो!

आता १००० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. मी हात जोडले, "बाई, आमच्या आईला तर—"

"आजींच्या मापाने याला मोजू नका, काका."

अक्काने माझ्याकडे पाहिले. मी गप्प बसलो. दोन दिवसांनी रक्तातल्या औषधाचा अहवाल आला. डोस वाढवण्यापूर्वीची पातळी कमीच होती. पुन्हा आकडी आली नाही. पुढे मूत्रपिंडे निवळली, तसा डोस उतरवला.

भाचा घरी आला तो १००० ची गोळी दोनदा घेऊन. दोघांच्या डब्या एकाच फळीवर असतात. आई त्याची डबी उचलून डोळ्यांशी धरते आणि दर वेळी म्हणते, "एवढ्याशा पोराला माझ्या चौपट?"