पर्यावरणाचा पेपर आणि आमची लाल शाई

आम्ही दोघेही मराठीचे. भाषाविज्ञान आणि मध्ययुगीन वाङ्मय शिकवावे या अपेक्षेने भंडारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रुजू झालो आणि पहिल्याच वर्षी वेळापत्रकात आमच्या नावांपुढे ‘पर्यावरण अभ्यास’ हा विषय दिसला. आमचा कार्यभार भरत नव्हता आणि त्या विषयाला स्वतंत्र शिक्षक नव्हता. दोन उणिवांची अशी सोयीची बेरीज झाली.

हा पेपर आला कोठून, हेही आम्ही नंतरच वाचले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याचा आदेश दिला. अंमलबजावणी रेंगाळली, 2003 साली न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सर्व शाखांना लागू झाला. पन्नास तासिका, त्यांपैकी पाच क्षेत्रकार्याच्या. शंभर गुणांपैकी पंचवीस क्षेत्रकार्याला. जवळचा तलाव, नदी किंवा डोंगर पाहून त्याची नोंद करावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

आम्ही ओझोनचा थर शिकवला, ॲमेझॉनची जंगले शिकवली. क्षेत्रकार्याच्या वह्या मात्र वर्षानुवर्षे एकमेकींवरून उतरत आल्या होत्या. आम्हीही त्या चाळून सह्या करीत होतो.

अशाच एका गठ्ठ्यात एक वेगळी वही निघाली. मुलगा ढिवर समाजातला, वडील गावच्या मामा तलावावर मासेमारी करणारे. (‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी, हे भंडाऱ्याबाहेरच्या वाचकांसाठी.) त्याने आपल्याच गावच्या तलावावर लिहिले होते. शेतातल्या बोडीत पाणी कसे उतरते, पाळीतून पाणी सोडायचे तुडूम कोठे असते, बेशरम माजल्यापासून मरळ कशी कमी झाली, असे सगळे. आम्ही ‘बोडी’ आणि ‘तुडूम’ या शब्दांखाली लाल रेघा ओढल्या, समासात ‘प्रमाण शब्द वापरावेत’ असा शेरा मारला आणि पंचवीसपैकी अकरा गुण दिले.

तो विचारायला आला. तक्रार नव्हती. “सर, तुडूमाला पुस्तकात काय म्हणतात?” एवढेच त्याने विचारले. आम्हां दोघांनाही सांगता आले नाही.

पुढच्या रविवारी त्याच्याबरोबर त्या तलावावर गेलो. त्याच्या वडिलांनी पाळीवर बसून जे सांगितले, ते आमच्या टिपणांत कोठेच नव्हते. शेतकऱ्याला धानासाठी आणि पुढे रब्बीसाठी पाणी सोडलेले हवे. ढिवराला मासे जगवायला उन्हाळ्यापर्यंत तलावात पाणी राहिलेले हवे. पाणी सोडण्याचा हक्क एकाकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे आणि गाळ काढण्याची जबाबदारी तिसऱ्याकडे. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. जुनी देखभालीची घडी मोडली आणि नवी नीट बसलीच नाही. ठेक्याचे पैसे भरायचे तर कटला, रोहू यांचे बीज सोडावे लागते. मग देशी माशांकडे कोण पाहणार? ‘पर्यावरण धोरण’ या शब्दाचा अर्थ आम्हांला त्या पाळीवर कळला. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. त्यांतले कित्येक कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले.

आमच्या जिल्ह्यात या विषयाला उदाहरणे कमी नाहीत. गोसीखुर्दचे भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी झाले. मूळ अंदाज होता सुमारे 372 कोटींचा, पुढे तो हजारो कोटींत गेला. गावे उठली. आणि नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये व कन्हानमधून वैनगंगेच्या त्याच जलाशयात येत राहिले. हे सारे शिकवायला ॲमेझॉनला जाण्याची गरज नव्हती.

आम्हांला अधिक लागते ती गोष्ट निराळी. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया वेगळा झाला 1999 साली. जंगलातल्या आणि तलावावरच्या माणसांकडून पाखरांची, झाडांची, माशांची नावे त्यांनी वेचली आणि मराठी समृद्ध केली. त्यांचे लेखन आम्ही वर्गात गौरवाने शिकवत होतो आणि त्याच दुपारी त्याच मुलखातल्या मुलाच्या शब्दांखाली लाल रेघा ओढत होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासासाठी केलेले कामही आम्हांला अपरिचित नव्हते. ते परीक्षेपुरते माहीत होते, इतकेच.

त्या मुलाला पदवीनंतर नागपूरला पर्यावरणशास्त्र शिकायचे होते, हे तलावावरून परतताना त्याने सांगितले. “पण हा विषय मला येत नाही,” असेही तो म्हणाला. आम्ही त्याची समजूत घातली. गुणही वाढवून दिले. तरी तो गेला नाही. पैसा, घर, अंतर अशी कारणे असतीलच. पण त्या वाक्याला आधार आमच्या अकरा गुणांचा होता, हे नाकारता येत नाही.

2023 साली आयोगाने या विषयाचा नवा आराखडा दिला, श्रेयांक आले, नावे बदलली. आम्ही आमच्यापुरता एक बदल केला आहे. क्षेत्रकार्याच्या वहीचे पहिले पान शब्दांसाठी ठेवायचे: गावात ज्या वस्तूला जे म्हणतात ते आधी लिहायचे, अर्थ आजोबांना वा आत्याला विचारून पुढे लिहायचा. पुस्तकी शब्द सापडला तर शेवटी. त्या पानावर लाल पेन चालत नाही.

तुडूमाला पुस्तकात काय म्हणतात, हे आता आम्हांला सांगता येते. विचारणारा मात्र वर्गात नाही.