गाण्याची वहिवाट

‘सामाईक’ या शब्दाविषयी वकिलाचे मत सहसा चांगले नसते. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक भिंत अशा शब्दांनी ज्या कागदांचा आरंभ होतो, त्यांचा शेवट बहुधा वाटणीच्या दाव्यात होतो. एकाच पंपाचे पाणी दोन भावांनी समाधानाने वापरले, अशी उदाहरणे जगात पुष्कळ असतील. परंतु ती वकिलाकडे येत नाहीत. आमच्याकडे येतात ती भांडणे, आणि ती ऐकता ऐकता माणसाची अशी समजूत होऊन बसते की, जे अनेकांचे असते ते कोणाचेच राहत नाही. ही माझी समजूत गेल्या काही वर्षांत थोडी सैल झाली. त्याला कारण झाले आमच्या संकेश्वरातील पाच तरुण ख्रिस्ती मित्रमैत्रिणी आणि त्यांची गाण्यांची वही.

संकेश्वर म्हटले की परक्याला दोन गोष्टी आठवतात: शंकराचार्यांचा मठ आणि लाल मिरची. हिरण्यकेशीच्या काठचे हे गाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्ह्याबरोबर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्या राज्याचे आज कर्नाटक झाले आहे. बाजारात भाव कानडीत पुकारला जातो, घासाघीस मराठीत होते आणि शिवी जी आधी सुचेल त्या भाषेत दिली जाते. अशा गावात ख्रिस्ती घरे थोडी. तथापि या मुलखाला तो धर्म नवा नाही. बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० साली सुरू झाले. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी १८५२ साली आले. कॅथलिकांचा बेळगावचा धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. कोल्हापूरकडची मराठी उपासना, बेळगावकडची कानडी उपासना आणि गोव्याकडून घाट चढून आलेली कोकणी प्रार्थना या तिन्ही आमच्या भागात एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत.

या पाच जणांतही तो संगम दिसतो. एक जण मिरचीच्या अडतीत हिशेब लिहितो. दुसरी मराठी शाळेत शिक्षिका आहे. तिसरी परिचारिका, तिची आई गोव्याकडची, त्यामुळे तिची पहिली प्रार्थना कोकणीत झाली. चौथा मोटारदुरुस्तीच्या दुकानात काम करतो आणि ढोलकी वाजवितो. पाचवा वयाने सर्वांत लहान, महाविद्यालयात शिकणारा; त्याचे सारे शिक्षण कानडीत झाले आहे. शिक्षिका माझ्या एका जुन्या अशिलाची मुलगी, म्हणून मला त्यांच्या बैठकीत बसण्याची मुभा मिळाली. मी त्यांच्या धर्माचा नव्हे. पण चांगल्या गाण्याला श्रोत्याची जात विचारण्याची सवय नसते.

शनिवारी दुकाने बंद झाल्यावर ते शिक्षिकेच्या घराच्या पडवीत जमतात. पेटी, ढोलकी आणि एक जाड वही एवढेच साहित्य. कोणी एक ओळ म्हणतो, दुसरा तिची चाल धरून पाहतो, तिसरी एक शब्द बदलते, चौथा म्हणतो की मात्रा कमी पडते. रात्री दहाच्या सुमारास चार ओळी उरतात, आणि त्यांतली कोणती कोणाची हे मी शेजारी बसून ऐकत असूनही मला सांगता येत नाही. कोर्टात साक्ष द्यावी लागली तर मी फितूर साक्षीदार ठरेन.

परंतु खरी परीक्षा पडवीत होत नाही. ती रविवारी मंडळीत होते. नवे गीत उपासनेत म्हटले की ते तीन रविवार पाहतात. तिसऱ्या रविवारी मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका कागदाकडे न बघता ते म्हणू लागल्या तर गीत वहीत शाईने उतरते. नाही म्हटले तर पेन्सिलीनेच राहते. मोठमोठ्या साहित्यसंस्थांचे परीक्षक मी पाहिले आहेत. इतका निर्दय आणि इतका निःपक्षपाती परीक्षकवर्ग मला कोठे आढळला नाही.

अशाच एका गीतात अडतीतल्या मुलाने एक ओळ सुचविली. देवाच्या काट्यावर खोटे माप नसते, असा तिचा आशय. शिक्षिका बिचकली. ‘काटा’ हा बाजारातला शब्द, उपासनेत शोभणार नाही. ‘तुला’ म्हणावे, निदान ‘तराजू’ म्हणावे, असे तिचे मत. वाद वाढला. तेव्हा पडवीच्या कोपऱ्यात मिरच्यांची देठे खुडत बसलेली घरातली आजी म्हणाली, “काटा ऱ्हाऊ दे की गं. जल्मभर गावोगावच्या बाजारात माल घातला, खरं माप कवा मिळालं न्हाई. देवाच्या काट्यावर तरी मिळंल म्हणून तर जातो आम्ही तिथं.” त्यावर कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने परिचारिकेने हळूच सुचविले की, पुढच्या कडव्यात प्रभूच्या मस्तकावरचा काट्यांचा मुकुट आणावा. एकाच शब्दात माल तोलणारा काटा आला आणि रुतणारा काटाही आला. हा श्लेष पंडिताला टेबलाशी बसून सुचला असता तर कृत्रिम वाटला असता. येथे तो एका आजीच्या आयुष्यातून आणि एका मुलीच्या प्रार्थनेतून उगवला, म्हणून मागच्या बाकांनी तो दुसऱ्याच रविवारी उचलला.

ही रीत त्यांनी शोधून काढली असे मात्र नाही. आपल्या भाषांत ख्रिस्तभक्तीला चारशे वर्षांची परंपरा आहे, आणि तिचा आरंभच लोकांच्या मागणीतून झाला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी ऐकायला काही तरी द्या, अशी मागणी नव्या ख्रिस्ती लोकांनी केली, आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोलला छापले गेले. भाषा मराठी, तीत कोकणी शब्दांची पखरण. छंद आपल्या पुराणांचा. लिपी मात्र रोमन. पुढे १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. हुकमाची मुदत केव्हाच संपली. ओव्या त्यानंतरही गावोगाव गायिल्या जात राहिल्या. कोणत्या भाषेत बोलावे हे सरकार ठरवू पाहते. कोणत्या भाषेत रडावे हे त्याला ठरविता येत नाही.

घाटावरची कथा याहून वेगळी. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे करून ती विलायती चालींवर बसविली. शब्द मराठी असले तरी जीभ अडखळत असे. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी, पद यांना उपासनेत मानाची जागा मिळवून दिली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. परंतु टिळकांचे घर हीही एक प्रकारची पडवीच होती, हे आपण विसरतो. बालकवी ठोमरे तेथे घरच्या मुलासारखे राहिले. १९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते; ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईंना नवऱ्याच्या धर्मांतराने एके काळी उद्ध्वस्त केले होते, त्यांनीच त्याची अर्धी राहिलेली ओवी हाती घ्यावी, याहून मोठे सहलेखन मला ठाऊक नाही. कॅथलिकांना लोकभाषेचे दार १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उघडून दिले, आणि लॅटिनच्या जागी मराठी-कोकणी गीतांची गरज एकदम वाढली. थोडक्यात, आमच्या पडवीतले पाच जण एका लांबच लांब रांगेच्या शेवटी उभे आहेत.

रांगेत उभे राहिले म्हणजे धक्काबुक्की आलीच. गेल्या वर्षी लहान मुलगा तीन शनिवार आला नाही. त्याचे म्हणणे असे की, मंडळीतली लहान मुले मराठी गीताच्या वेळी गप्प बसतात. त्यांना देवनागरी वाचता येत नाही. गीते कानडीत लिहावीत. शिक्षिकेचे उत्तर तीक्ष्ण होते. शाळेतून मराठी गेली, पाट्यांवरून गेली, आता प्रार्थनेतूनही गेली तर ती घरात तरी किती दिवस राहील? दोघांचेही खरे होते. सीमाभागातली भांडणे मिटत नाहीत त्याचे कारण हेच, की ती खऱ्याखोट्याची नसून दोन खऱ्यांची असतात. महाराष्ट्राचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पडवीतला दावा ऐकायला तर न्यायाधीशही नव्हता.

चौथ्या शनिवारी तो आला तो दुसरी वही घेऊन. काट्याचे गीत त्याने कानडी लिपीत उतरविले होते, शब्द सारे मराठीच. मुलांनी ते वाचून म्हटलेही. शिक्षिकेने वही उलटसुलट केली; तिला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते, आणि तिचीच ओळ तिच्यापुढे होती. परिचारिका म्हणाली, “आमची आई कोकणी प्रार्थना रोमी अक्षरांतूनच वाचते, बाई. देवाला काही वाचायला त्रास होत नाही.” त्या पानापुरता समेट झाला. त्याच वहीत त्या मुलाने अभंगाच्या छंदात स्वतः रचलेले एक कानडी गीतही होते. ते मंडळीत म्हणावे की नाही, याविषयी त्यांचे अजून एकमत झालेले नाही. शनिवारी तो विषय निघतो आणि ढोलकीवाला थाप मारून तो थांबवितो.

वकील म्हणून माझी गरज पडली ती निराळ्याच कारणाने. कोणी एकाने मंडळीत येऊन काट्याचे गीत मोबाइलवर उतरवून नेले आणि पुढे ते स्वतःच्या रचनेचे म्हणून प्रसिद्ध केले. पोरे संतापून माझ्याकडे आली. “वकीलसाहेब, गाणं देवासाठी केलंय, पैशासाठी नाही. पण दुसऱ्यानं नाव कसं घालावं?” मी त्यांना १९५७ सालचा कॉपीराइटचा कायदा समजावून सांगितला. अनेकांच्या सहकार्याने एखादी कृती झाली आणि एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नसला, तर कायदा तिला संयुक्त कर्तृत्वाची कृती म्हणतो. हक्क सर्वांचा, आणि तो त्यांच्यातला शेवटचा माणूस गेल्यानंतर साठ वर्षे टिकतो. खऱ्या धार्मिक विधीत कोणी ते गीत गायिले तर तो हक्कभंग होत नाही. परंतु गाणे वेगळे आणि कर्ता म्हणून आपले नाव घालणे वेगळे.

ढोलकीवाला म्हणाला, “मग नाव घालू या नको. निनावी राहू दे. संत का नाव घालत होते?” मी म्हटले, घालत होते. आपल्या संतांनी प्रत्येक अभंगाच्या शेवटी नाममुद्रा ठेवली. ती गर्वाने नव्हे. बोलल्या शब्दाची जबाबदारी घेण्यासाठी. शिवाय व्यवहार असा आहे की, ज्या मोकळ्या जागेला पाटी नसते तिच्यावर दुसरा कोणी पाटी लावतो. पुष्कळ चर्चेनंतर त्यांनी माझा सल्ला अर्धा मानला. वहीच्या पहिल्या पानावर ‘मंडळीची गीते’ असे लिहिले आणि शेवटच्या पानावर पाचही नावे, तारखेसह. आजीचे नाव घालावे की नाही असा प्रश्न निघाला. आजी म्हणाली, “मला सही येत न्हाई.” तेव्हा काट्याच्या गीताखाली तिच्या अंगठ्याचा निळा ठसा उमटला. ज्या नोटिशीचे शुल्क मी घेतले नाही ती नोटीस गेली आहे. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.

कॉपीराइटचा कायदा या गीतांचे रक्षण करील, याविषयी मला वकील म्हणून शंका नाही. परंतु तो त्यांना जिवंत ठेवील असे मी म्हणणार नाही. त्यासाठी मला दुसराच, जुना कायदा आठवतो. १८८२ सालच्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणे एखाद्या वाटेने लोक शांतपणे, उघडपणे, खंड न पडता वीस वर्षे गेले, तर त्या वाटेवर त्यांचा हक्क जडतो. आपण त्याला वहिवाट म्हणतो. दस्तऐवज नसतो, मोबदला नसतो. पावलांनीच हक्क निर्माण झालेला असतो. उपासनेचे गीत मंडळीचे होते ते असेच. स्टीफन्सच्या ओव्या, टिळकांची पदे यांचे हक्क आज कोणी मागत नाही. कारण ज्यांनी त्या वाटेने जायचे ते रोज जात आहेत.

पाच जणांच्या वहीतले पहिले गीत मंडळीत रुजल्याला आता चार वर्षे झाली. सोळा राहिली आहेत. तेवढ्या अवधीत त्यांच्यातला कोणी पुण्याला जाईल, कोणाचे लग्न होईल, कानडी गीताचा वाद मिटेल किंवा पेटेल. वाटेत खंड मात्र पडू नये, एवढीच अपेक्षा मी, वादी आणि प्रतिवादी दोघांचाही वकील म्हणून, येथे नोंदवून ठेवतो.