तित्तिराचा हंगाम

कापूस घरात आला, थंडी पडली, की आमच्या वऱ्हाडात पूर्वी तित्तिर-लाव्ह्यांच्या शिकारीला जोर यायचा. ही पाखरं मोराच्याच कुळातली. साहेबलोकांना बंदुकीचा शौक. फासेपारध्यांचं मात्र त्यावर पोट! पाळलेलं तित्तिर बोलतं करायचं, की रानातलं आपसूक फाशात येई. १९७२च्या कायद्यानं शिकारीवर बंधनं आली, १९९१च्या दुरुस्तीनं ती पुरती बंद झाली. झालं ते बरंच झालं. आता विकत घेणंही गुन्हाच. तरी ‘थंडीत अंगाला गरम असतं हो’ म्हणत चोरून घेणारी घरं आहेतच.

“पण बाई, चूल कशावर पेटवू?” माझ्या वर्गातल्या पारधी मुलीच्या आईनं विचारलं, तेव्हा मला उत्तर सुचेना. पोर मात्र हुशार. नुसत्या आवाजावरून पाखरू सांगते. अकोला-वाशीमच्या माळांवर काही पारधी कुटुंबं आता तणमोराची घरटी राखतात, हे ऐकून तिचे डोळे चमकले. फासा लावणाऱ्यालाच पाखराचं घर ठाऊक, नाही का?

तेव्हा स्वस्त मिळतं म्हणून पाखरू घेऊ नका. अन् विकणारीला नुसतं हाकलूही नका. तिची लेक शाळेत जाते का, एवढं तरी विचारा.