हक्काचं काम कायद्यात लिहिणारे रघुवंशबाबू

१३ सप्टेंबर २०२० रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयात रघुवंश प्रसाद सिंह यांचं निधन झालं, तेव्हा देश करोनाशी झुंजत होता. काही महिन्यांपूर्वीच मुंबई, पुणे, सुरत, दिल्ली इथून लाखो मजूर मिळेल त्या वाहनाने आणि वाहन नसेल तिथे पायी, बिहार-उत्तर प्रदेशातल्या आपल्या गावी परतले होते. शहराने त्यांना ऐनवेळी वाऱ्यावर सोडलं. गावात कारखाने नव्हते, हाती पैसा नव्हता. त्यांच्यापैकी अनेकांना आधार मिळाला तो रोजगार हमीच्या कामाचा. २०२०-२१ या एका वर्षात साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांनी रोजगार हमी कायद्याखाली काम केलं. तोवर कधीच एवढ्या कुटुंबांनी हे काम केलं नव्हतं. ज्यांनी केंद्रीय मंत्री म्हणून हा कायदा संसदेतून पार करून घेतला, ते रघुवंशबाबू त्याच वर्षी गेले.

६ जून १९४६ रोजी बिहारच्या आजच्या वैशाली जिल्ह्यात शाहपूर इथे त्यांचा जन्म झाला. गणितात पीएच.डी. मिळवून ते सीतामढीच्या गोयंका महाविद्यालयात प्राध्यापक झाले. हा बागमतीच्या पुराचा मुलूख. पुराने शेत बुडालं की माणसं पंजाबची, कोलकात्याची वाट धरणार, हे तिथे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. राममनोहर लोहियांच्या समाजवादी विचारांनी भारलेल्या या तरुण प्राध्यापकाला वर्गाच्या चार भिंती पुरल्या नाहीत. संयुक्त समाजवादी पक्षाचं काम, जयप्रकाश नारायण यांचं आंदोलन, तुरुंगवास या वाटेने ते राजकारणात आले. १९७७ साली सीतामढीतल्या बेलसंडमधून ते विधानसभेवर निवडून आले आणि कर्पूरी ठाकूर यांच्या मंत्रिमंडळात ऊर्जा खात्याचे राज्यमंत्री झाले. कर्पूरीजींची साधी राहणी आणि तळच्या माणसाबद्दलची कळकळ त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली.

बेलसंडने त्यांना सलग तीनदा विधानसभेत पाठवलं. पुढे ते विधानसभेचे उपाध्यक्ष झाले, मग विधान परिषदेचे सभापती झाले. १९९६ पासून २००९ पर्यंत वैशालीतून लागोपाठ पाच वेळा ते लोकसभेवर निवडून आले. धोतर-कुर्ता, वज्जिका बोलीच्या वळणाची हिंदी आणि आकडेवारीवर पक्की पकड, असे ते सभागृहात उभे राहत. कायद्याच्या मसुद्यातला एखादा शब्द बदलला की कोणाच्या ताटातली भाकरी जाते आणि कोणाच्या ताटात येते, हे ओळखणारे आमदार-खासदार थोडे असतात. रघुवंशबाबू त्या थोड्यांपैकी होते.

२००४ साली संयुक्त पुरोगामी आघाडीचं सरकार आलं आणि त्यांच्या पक्षाच्या, म्हणजे लालूप्रसाद यादव यांच्या राष्ट्रीय जनता दलाच्या, वाट्याच्या खात्यांपैकी ग्रामविकास खातं रघुवंशबाबूंकडे आलं. ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस कामाची हमी देणारा कायदा करू, असं वचन सरकारने दिलं होतं. पण डिसेंबर २००४ मध्ये संसदेत आलेलं विधेयक त्या वचनापेक्षा तोकडं होतं. हमी फक्त गरीब ठरवलेल्या कुटुंबांनाच होती आणि कायदा साऱ्या देशात केव्हा पोचेल याची मुदतच नव्हती. तिजोरीवर किती भार पडेल, ही धास्ती सरकारच्या आतही होती. बाहेरून अरुणा रॉय, ज्याँ द्रेझ यांच्यासारखे कार्यकर्ते-अभ्यासक आणि डावे पक्ष रेटा देत होते. कल्याण सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय स्थायी समितीनेही हमीची व्याप्ती वाढवण्याच्या बाजूने कौल दिला. या सगळ्यांची मोट बांधून सुधारलेलं विधेयक सभागृहात नेण्याचं काम रघुवंशबाबूंचं होतं. २३ ऑगस्ट २००५ रोजी लोकसभेने ते मंजूर केलं, तेव्हा दारिद्र्यरेषेची अट गळून पडली होती. अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेल्या कोणत्याही ग्रामीण कुटुंबाला ते मागता येणार होतं.

महाराष्ट्राने ही बातमी ऐकली तेव्हा काही परकी गोष्ट ऐकली नव्हती. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केलेला प्रयोग, बहात्तरच्या दुष्काळातली खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामं, नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा ही सारी आपली पुंजी. पागे आपल्या विधान परिषदेचे सभापती होते, रघुवंशबाबू बिहारच्या. पागे सर्वोदयी विचारांचे, हे लोहियावादी. एका राज्याने दुष्काळात शोधलेली वाट दुसऱ्या राज्यातल्या पूरग्रस्त मुलखाचा माणूस देशाच्या कायद्यात घेऊन गेला, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा. रघुवंशबाबूंबद्दल आपल्याला कृतज्ञताही वाटायला हवी.

या कायद्याची ताकद त्याच्या कलमांत होती. दुष्काळी कामं सरकारे पूर्वीही काढत होती. पण ती काढायची की नाही, कुठे काढायची, कधी बंद करायची, हे साहेब ठरवत. या कायद्याने मजुराला अर्ज करण्याचा अधिकार दिला. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागेल आणि तो राज्य सरकारने द्यायचा, म्हणजे टाळाटाळीची किंमत टाळाटाळ करणाऱ्यानेच मोजायची. काम शक्यतो पाच किलोमीटरच्या आत, त्यापलीकडे असेल तर दहा टक्के जादा मजुरी. लाभार्थ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. ठेकेदाराला बंदी. हिशेबाची तपासणी ग्रामसभेत, सर्वांसमक्ष. यातलं प्रत्येक कलम हातावर पोट असलेल्याला कुठे आणि कसं फसवलं जातं, हे ठाऊक असलेल्यांनी लिहिलेलं होतं.

२ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात बंडलापल्ली इथे या कायद्याची सुरुवात झाली, दोनशे जिल्ह्यांपुरती. साऱ्या देशात पोचायला पाच वर्षांची मुदत होती. १ एप्रिल २००८ रोजी तो सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झालाही.

त्यांच्या हातून सुटलेलं एक कामही सांगायला हवं. १८९४ चा ब्रिटिश भूसंपादन कायदा बदलण्यासाठी आणि विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी त्यांच्या खात्याने २००७ मध्ये दोन विधेयकं आणली. फेब्रुवारी २००९ मध्ये लोकसभेने ती मंजूर केली, पण निवडणुका आल्या, लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकं तिथेच संपली. जुना कायदा जायला २०१३ साल उजाडावं लागलं.

२००९ च्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडी पुन्हा निवडून आली आणि त्या यशात रोजगार हमीचा वाटा अनेकांनी मान्य केला. रघुवंशबाबू वैशालीतून जिंकले, पण त्यांचा पक्ष काँग्रेसपासून वेगळा लढून चार जागांवर आला होता. मंत्रिमंडळात त्यांना जागा उरली नाही. त्याच वर्षी गांधीजयंतीला कायद्याला महात्मा गांधींचं नाव मिळालं, तेव्हा ते खात्यात नव्हते. श्रेयासाठी ते कधी भांडले नाहीत.

लालूप्रसादांच्या पक्षाच्या राजवटीत बिहारचा कारभार ढासळला, हे खरं आहे. लालूप्रसादांच्या सोबत रघुवंशबाबू तीन दशकं राहिले. त्यांच्या स्वच्छ चारित्र्याबद्दल विरोधकही आदराने बोलत, पण पक्ष त्यांना बदलता आला नाही. त्यांनी घडवलेल्या कायद्याचीही गत सर्वत्र चांगली झाली नाही. मस्टरवरची खोटी नावं, महिनोन्महिने अडकलेली मजुरी, मागूनही न मिळालेलं काम हे सारं घडलं आणि त्यांच्या बिहारमध्ये तर ते फार घडलं. २०१४ आणि २०१९ अशा दोन्ही निवडणुकांत वैशालीने त्यांना नाकारलं. म्हणून त्यांचं काम लहान ठरत नाही. हक्क कागदावर नसता, तर तो नाकारला गेल्याची तक्रार करायलाही मजुराकडे जागा नसती.

२०२० च्या जूनमध्ये त्यांना करोनाने गाठलं. ज्यांच्याविरुद्ध ते निवडणूक हरले होते, त्याच बाहुबली नेत्याला पक्षात घेण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी रुग्णालयातूनच पक्षाचं उपाध्यक्षपद सोडलं. १० सप्टेंबरला त्यांनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून पक्षच सोडला. कर्पूरीजी गेल्यापासून बत्तीस वर्षं आपल्या पाठीशी उभा राहिलो, आता नाही, अशा अर्थाचं ते लालूप्रसादांना लिहिलेलं पत्र होतं.

अखेरच्या त्या दिवसांत त्यांनी मुख्यमंत्री नितीशकुमारांनाही पत्रं लिहिली. त्यांत स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. प्राचीन गणराज्याची भूमी असलेल्या वैशालीत राष्ट्रीय दिनी सरकारी ध्वजारोहण व्हावं, ही एक मागणी. बुद्धाचं म्हणून मानलं जाणारं भिक्षापात्र अफगाणिस्तानातून वैशालीत परत यावं, ही दुसरी. आणि तिसरी रोजगार हमी कायद्यातल्या दुरुस्तीची, सर्वसामान्य शेतकऱ्याच्या जमिनीवरही त्या योजनेतून काम करता यावं यासाठी. मृत्यू तीन दिवसांवर आला असताना ते एका कलमाचा विचार करत होते.

सरकारे बदलतात, कायद्यांची नावं आणि कलमंही बदलतात. पण रोजगाराबद्दलचं कोणतंही नवं विधेयक आलं की रघुवंशबाबूंच्या मापाने ते तपासायला हवं. काम मागण्याचा अधिकार मजुराकडे आहे की देण्याची मर्जी सरकारकडे? काम नाही मिळालं तर किंमत कोण मोजणार? हिशेब कोणासमोर मांडला जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरं त्यांनी २००५ मध्ये कायद्यातच लिहून ठेवली होती. त्यांना वाहायची श्रद्धांजली हीच, की हे प्रश्न विचारणं आपण कधी सोडू नये.