कॅज्युअल्टीत न विचारलेला प्रश्न

एमबीबीएस झाल्यावर काही महिने मी एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत काम करत होतो. एका शनिवारी रात्री एक रिक्षाचालक कपाळ फोडून घेऊन आले. तोंडाला दारूचा वास. मी टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि वर सुनावलं, "आजपासून एकदम बंद. थेंबभरही नको!"

त्यांनी माझं ऐकलं. रविवारी रात्री त्यांना फिट आली. अंगाला कापरं, घामाने निथळलेले. सिनियर सरांनी मला एवढंच विचारलं, "रोज किती घेत होते?" मला माहीत नव्हतं. बाहेर त्यांची बायको म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना, सोडा म्हणून." सुदैवाने ते वाचले.

रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली, तर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसू लागतात. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून अशा माणसाने दारू जरूर सोडावी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन.

आता इमर्जन्सीत असा पेशंट आला, की तो शुद्धीवर, बोलण्याच्या स्थितीत आल्यावर मी नातेवाइकांना जरा बाहेर बसवतो. (बायकोसमोर खरा आकडा कोण सांगणार?) आठवड्यातून किती दिवस घेता? एका वेळी किती? बहुतेकांचं उत्तर "थोडीशीच" असतं. मग मी हिशेब मांडतो. 180 मिलीच्या व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. आठ टक्केवाल्या स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत सुमारे 40 ग्रॅम. 'बिअर म्हणजे दारू नव्हे' म्हणणारे इथे गप्प होतात.

मग विचारतो, "आजच्या पडण्याचा याच्याशी काही संबंध असेल, असं वाटतं का तुम्हाला?" आणि थांबतो. हे थांबणं मला अजून जड जातं. उपदेश जिभेवर तयारच असतो. पण डोक्याला टाके असताना माणूस स्वतःच जे बोलतो, ते माझ्या भाषणापेक्षा जास्त टिकतं. अशा पाच-दहा मिनिटांच्या बोलण्याने काहींचं पिणं कमी होतं. व्यसन पक्कं झालेल्यांना तेवढं पुरत नाही. त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो.

सगळेच त्या रात्री बोलत नाहीत. मग टाके काढायला येतात, तेव्हा पुन्हा विचारतो.