बोटे हलली म्हणजे हाड शाबूत?

वरोऱ्यात व्यवसाय सुरू केला त्या वर्षीची गोष्ट. शाळेच्या मैदानात पडलेल्या सात वर्षांच्या मुलीला तिची आजी घेऊन आली. उजव्या मनगटावर सूज जेमतेम होती. मी बोटे हलवायला सांगितली, तिने हलवली. “बोटं तं हालून राह्यली, मंग हाड कायचं मोडते?” आजी म्हणाली, आणि मीही मान डोलावली. मुरगळ समजून मलम दिले. आजीने चार दिवस ते मायेने चोळले.

पाचव्या दिवशी मुलगी पुन्हा आली, तेव्हा ती डाव्या हाताने फ्रॉकचे बटण लावण्याची धडपड करीत होती. एक्स-रेत मनगटाजवळचे हाड मोडलेले दिसले. प्लास्टरने ते जुळून आले. पण तिने सोसलेल्या त्या चार दिवसांचा दोष माझाच होता.

बोटे हलवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या भागात असतात. हाडाला तडा गेला तरी ते काम करू शकतात. शिवाय मुलांचे हाड ओल्या बांबूसारखे असते. ते काडकन तुटत नाही, एका बाजूने चिरते किंवा दबते. त्यामुळे हात वरून सरळच दिसतो.

आता मी हात लावण्याआधी मूल बिस्किट कोणत्या हाताने घेते ते पाहतो. मग एका बोटाने हाड हळूहळू दाबत जातो. एकाच जागी मूल कळवळले, तर एक्स-रे काढतो. वाढीच्या कूर्चेची इजा पहिल्या एक्स-रेत दिसेलच असे नाही. दुखणे कायम असेल तर हाताला आधार देऊन आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा तपासतो.

पालकांनी सूज वाढण्यापूर्वी बांगडी, कडे, गंडा काढावा. पुठ्ठ्याचा आधार देऊन हात ओढणीच्या झोळीत ठेवावा. चोळू नये, ओढू नये, कामट्या आवळून बांधू नयेत. आवळलेल्या बंधनाने रक्तपुरवठा कोंडून स्नायू कायमचे आखडतात, हे जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्येच सांगितले होते. बोटे गार, फिकट वा बधिर झाली, किंवा ती सरळ करताना असह्य वेदना झाल्या, तर प्लास्टर असले तरी त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. काही तासांचाही विलंब महागात पडतो.

बोटे हलव, असे मी आजही सांगतो. पण ते नसांची परीक्षा म्हणून. हाडाची साक्ष मात्र मूल तो हात वापरते की जपते, यावरून घेतो.